राजासाठी सद्बुद्धी

मला पाळकाच्या जागेवरून काढलं ते एका शब्दासाठी. शब्द साधा आहे. पोरगं ऐकेनासं झालं, जावयाची बाटली सुटेना, भाऊबंद बांध कोरायला लागला, की आपण हात जोडतो आणि म्हणतो, देवा, याला सद्बुद्धी दे. मी तो शब्द राजासाठी वापरला. आजही वापरतो.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे पाळकपणाचे अनुभव मागितले. बाप्तिस्मे किती दिले आणि शाळा किती उघडल्या, याची जंत्री मिशनच्या अहवालांत छापून गेलेली आहे आणि ती कुणी वाचत नाही. जुन्नर तालुक्यात आणि तिकडे आंबेगावच्या बाजूला मी सारा जन्म हिंडलो, त्यातलं मुख्यतः एकच प्रकरण सांगणार आहे, कारण त्याबद्दल आजवर दोन्ही बाजूंनी खोटं सांगितलं गेलं. मिशनवाले म्हणतात, यशवंत पाळक भोळा होता, त्याच्या तोंडून चुकून गेलं. जुन्नरचे देशभक्त म्हणतात, पाळकाने भर मैदानात राजाला शिवी हासडली. मी भोळा नव्हतो आणि मी शिवीही दिली नाही.

आधी आमचा धंदा समजावून सांगतो. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा सांभाळ करणारा. मंडळी म्हणजे एका ठिकाणी उपासनेला जमणारी माणसं. माझी मंडळी जुन्नर, राजुरी आणि निमगाव सावा अशी पसरलेली होती, आणि ती बहुतेक सगळी गावकुसाबाहेरची. मी स्वतः निमगाव सावाच्या महारवाड्यात जन्मलो. रविवारी उपासना घ्यायची, मेलेल्याला माती द्यायची, लग्नं लावायची, नवराबायकोची भांडणं ऐकायची, तापाच्या दिवसांत क्विनाईन वाटायचं आणि कचेरीचे कागद वाचून दाखवायचे, एवढ्यात पाळकाचा आठवडा जातो. उरलेला वेळ चालण्यात जातो.

पण खरं कसब प्रार्थनेत आहे. इतर काही ख्रिस्ती पंथांत छापील पुस्तकातून प्रार्थना वाचतात. आमच्या पंथात पुस्तक नाही. पाळकाने उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि त्या आठवड्यात माणसांवर जे गुदरलं ते देवापुढे स्वतःच्या शब्दांत मांडायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. डोळे मिटले की जिभेला लगाम राहत नाही, आणि समोरच्या माणसाला प्रार्थनेच्या आडून टोमणे मारण्याचा मोह होतो. कित्येक पाळक देवाला उद्देशून मंडळीलाच झोडपतात. मी तरुणपणीच ठरवलं होतं की जे एखाद्याच्या तोंडावर सांगता येत नाही ते त्याच्यासाठी देवाकडे मागायचं नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. राजुरीच्या एकाला चुलतभावाच्या गव्हावर तांबेरा पडावा म्हणून प्रार्थना हवी होती. मी नकार दिल्यावर तो म्हणाला, "मग निदान माज्या गव्हावर पडू नये एवडं तरी म्हना." ते मी म्हणालो, आणि वर चुलतभावाचंही नाव घातलं. निमगावचा म्हातारबा नावाचा एक शेतकरी, मराठा, वारकऱ्याच्या घरातला, एकदा मला वाटेत अडवून गोठ्यात घेऊन गेला. बैल बसला होता तो उठत नव्हता. मी विचारलं, "म्हातारबा, तुमचे देव काय म्हणतात?" तो म्हणाला, "त्यांच्याकडं लई जनांची गर्दी हाय, पाद्रीबाबा. तुमचा देव हिकडं नवा. त्याच्याकडं अजून कोनी लई मागितलं नसंल." मी गोठ्यात उभा राहून बैलासाठी प्रार्थना केली. बैल उठला. म्हातारबा ख्रिस्ती झाला नाही, पण पुढे कुठेही दिसला की रामराम घालायचा, आणि त्या काळात माझ्यासारख्याला भर रस्त्यात रामराम घालणं सोपं नव्हतं.

आणि ठकूबाई. ती राजुरीची, माझ्या मंडळीतली सगळ्यांत जुनी बाई. बाप्तिस्म्याच्या आधी तिने विचारलं होतं, "बाबा, परार्थना झाल्यावर समदी ते आमेन म्हंत्यात, त्ये काय अस्तंय?" मी सांगितलं, तसंच होवो, आम्हीही हेच म्हणतो, असा त्याचा अर्थ. तिने तेवढं पुरेसं मानलं. त्या दिवसापासून प्रार्थना संपली की ठकूबाई खड्या आवाजात म्हणायची, "आमी बी." मी काही वर्षं सुधारून बघितलं. पुढे राजुरीची निम्मी मंडळीच 'आमी बी' म्हणायला लागली, तेव्हा नाद सोडला. 'आमेन' या इब्री, म्हणजे हिब्रू, शब्दाचा यापेक्षा चांगला तर्जुमा माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता साहेबांविषयी सांगायला हवं. आमचे मिशनचे मुख्य साहेब अमेरिकेचे. त्यांचं आडनाव व्हिटल. लोकांनी पहिल्याच वर्षी त्याचं विठ्ठलसाहेब केलं. उंच, किडकिडीत, पुढे वाकून चालणारे. मराठी पंडिताकडून शिकलेले, त्यामुळे भाजी घेतानाही 'कृपया' म्हणायचे. पाळकांच्या शाळेत आम्हाला त्यांनीच शिकवलं, आणि माझ्या डोक्यात जो काही उजेड आहे त्यातला बराचसा त्यांनी लावलेला आहे, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे. ते म्हणायचे, राजा देवाने दिलेला असेल, पण बुद्धीही देवानेच दिली आहे. दोघांचं भांडण लागलं तर तुम्ही बुद्धीच्या घरी जेवायला जा.

एक गोष्ट ते दरवर्षी सांगायचे. अमेरिकेवर एके काळी इंग्रजांच्या राजाचं राज्य होतं. साहेबांच्या पणजोबांचे वडील एका लहानशा गावात पाळक होते. लोक राजाविरुद्ध उठले, आणि त्या पाळकाने बरेच दिवस विचार केला. राजाही माणूस आहे, त्यालाही कायदा लागू आहे, आणि ज्याला कुणी जाब विचारू शकत नाही तो देवाचा सेवक नव्हे, असं त्यांच्या बुद्धीला पटलं. एका रविवारी त्यांनी प्रार्थनेत राजाचं नाव घ्यायचं ठरलेलं ठिकाण आलं तसं सोडून दिलं आणि पुढे गेले. बस, एवढंच. त्याने सगळं गाव हादरलं. ही गोष्ट सांगताना साहेबांचे कान लाल व्हायचे. आम्ही पोरं तोंड उघडं टाकून ऐकायचो. महारवाड्यातून आलेल्या पोराला 'राजालाही जाब विचारता येतो' हे वाक्य काय वाटतं, ते ज्याला कुणीच कधी जाब दिला नाही त्यालाच कळेल.

माझ्या प्रार्थनेत तो शब्द आला तो प्लेगच्या साली. सोल्जर घरात शिरत होते, भांडीकुंडी बाहेर फेकत होते, बायाबापड्यांना छावणीत नेत होते. छावणीत आमची तीन माणसं दगावली. त्या रविवारी मी राणीसाठी प्रार्थना करायला उभा राहिलो, तेव्हा गादीवर राणी होती. ती करायचा आमच्याकडे प्रघात होता. 'राणीला दीर्घायुष्य दे' हे शब्द ओठांवर आले आणि पुढे सरकेनात. मग तोंडून निघालं, "राणीला आणि तिच्या अधिकाऱ्यांना सद्बुद्धी दे." ते म्हणताच मला बरं वाटलं. त्यात राणीचं वाईट चिंतलेलं नव्हतं, आणि लाचारीही नव्हती. तेव्हापासून दर रविवारी मी तेच म्हणत आलो; राणी जाऊन राजा आला, तेव्हा राजासाठी. कितीतरी वर्षं कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग बंगालची फाळणी झाली. जुन्नरच्या पेठेतही विलायती कापडाची होळी पेटली, वर्तमानपत्रांत बाँबच्या बातम्या आल्या, माणसं तुरुंगात गेली, आणि लोकांचे कान तिखट झाले. माझ्या ध्यानात हे आधी आलं नाही. ते आणून दिलं शोभाचंद शेठनी.

शोभाचंद शेठ जुन्नरच्या पेठेतले कापडवाले. जैन. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण शेठ बोलायचे ते अस्सल जुन्नरी. त्यांचा माझा स्नेह वादाच्या पायावर उभा होता. त्यांच्या मते जगाचा कर्ताच कुणी नाही, तेव्हा मागायचं कुणाकडे हा त्यांचा कायमचा सवाल. एकदा आम्ही दोघं लेण्याद्रीच्या पायऱ्या चढत होतो. शेठ मध्येच दम खायला बसले आणि म्हणाले, "पाळकबुवा, रागवायचं न्हाई. तुमी राजासाटी सद्बुद्धी मागता म्हनं."

"मागतो."

"आन् ती कोनासाटी मागत्यात? ज्याच्याकडं न्हाई त्याच्यासाटी. पेठेत लोकं पोट धरून हासत्यात, राव. दर रविवारी पाद्री राजाला मूर्ख म्हंतो, म्हंत्यात."

मीही खालच्या पायरीवर टेकलो. मग म्हणालो, "शेठ, मी तुमच्यासाठीही तेच मागतो."

"माज्यासाटी मागा की. मला कुटं हाय?" शेठ हसले. "पन मी राजा न्हाई. मला म्हनल्यानं तुमाला कोन काय करनार न्हाई."

पुढच्या रविवारी मी डोळे उघडे ठेवले. खिडक्यांबाहेर माणसं उभी होती. ज्यांनी जन्मात चर्चच्या सावलीला पाय लावला नसता ते भिंतीला टेकून प्रार्थनेच्या त्या ओळीची वाट बघत होते. मागच्या बाकावर एक अनोळखी गृहस्थ बसला होता. साधे कपडे, पण पायात पोलिसी बूट. ओळ आली. म्हणू की नको असं मला झालं नाही, हे खरं सांगतो. मी ती म्हणालो. खिडकीबाहेर कुणीतरी खुदकन हसलं, आणि बूटवाल्याने मान खाली घातली.

मामलेदारांनी मला बोलावलंच नाही. त्यांनी बोलावलं विठ्ठलसाहेबांना. साहेब तिथून सरळ माझ्या घरी आले आणि ओट्यावर बसले. आमच्या रूथबाईने, म्हणजे माझ्या पत्नीने, चहा आणून ठेवला तो तसाच निवला.

साहेब म्हणाले, "यशवंत, मी शब्दकोश पाहिला. सद्बुद्धी या शब्दाचा अर्थ उत्तम दिला आहे. मामलेदार म्हणतात की तो अपमान आहे. मला हे समजत नाही."

मी म्हणालो, "साहेब, कोशात अर्थ असतो. शब्द कुणी कुणासाठी म्हटला ते कोशात नसतं."

"मग तुम्ही तो शब्द बदलावा अशी माझी इच्छा आहे. दीर्घायुष्य म्हणा. यश म्हणा."

यश मागायला माझी काय हरकत असणार, नाव माझंच होतं. पण यश कशात? प्लेगच्या छावणीत? लोकांना तुरुंगात घालण्यात? मी विचारलं, "साहेब, तुमच्या पणजोबांच्या वडिलांनी राजाचं नावच गाळलं. मी तर दर रविवारी घेतो. त्यांच्यापेक्षा मी जास्त राजनिष्ठ नाही का?"

साहेबांचे कान लाल झाले, पण या वेळी अभिमानाने नाही. ते अंगणातल्या पेरूकडे बघू लागले. मग हळू आवाजात म्हणाले, "ते त्यांच्या स्वतःच्या देशात होते. सरकारने आम्हाला इथे राहू दिले आहे. शाळांना अनुदान दिले आहे. आम्ही या देशात पाहुणे आहोत, यशवंत."

"मी नाही," मी म्हणालो.

एवढंच आमचं बोलणं झालं. जाताना त्यांनी सांगितलं की दिल्लीत नव्या राजाचा दरबार भरणार आहे, त्या दिवशी जुन्नरलाही कचेरीपुढच्या मैदानात समारंभ आहे, आणि प्रत्येक धर्माच्या एकाने राजासाठी प्रार्थना करायची आहे. ख्रिस्ती मंडळीतर्फे मला उभं राहायचं होतं. मामलेदारांनी मुद्दाम माझंच नाव मागितलं होतं. तो शब्द आला नाही तर प्रकरण मिटलं. आला तर मिशनला माझी गरज उरणार नाही, आणि मिशनचं घरही मला सोडावं लागेल.

दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू आली. दामोदरपंत वकील, तरुण, तडफदार, घरात विलायती साखरसुद्धा बंद केलेले. ते मला 'पाळकमहाराज' म्हणाले, यावरूनच मी सावध झालो. म्हणाले, "दरबारच्या दिवशी तुम्ही तो शब्द उच्चारा, आणि मग सभेत जाहीर सांगा की तो राजाचा धिक्कार होता. सगळा जिल्हा तुम्हाला डोक्यावर घेईल."

मी म्हणालो, "धिक्कार नाही तो. मी खरंच मागतो, आणि राजाला ती मिळावी असं मला मनापासून वाटतं."

"हा शब्दच्छल झाला. उद्या आपलं राज्य येईल तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूला होतात हे लोक विचारतील."

"आपल्या राज्यात," मी विचारलं, "राजुरीची ठकूबाई कुठल्या विहिरीवर पाणी भरेल?"

पंत म्हणाले, हे प्रश्न मागाहून सुटतील. मी म्हणालो, मग तुमच्यासाठीही मला तीच प्रार्थना करावी लागेल. त्यांना तो अपमान वाटला आणि ते उठून गेले. एकाच शब्दाने राजा आणि वकील दोघंही दुखावले जातात, तेव्हा शब्द बरोबर जागी आहे असं मी धरून चाललो.

त्या दिवसांत मला लोक राजनिष्ठा शिकवायला यायचे, म्हणून त्याबद्दलही सांगून टाकतो. धनी गुत्त्याकडे निघालेला दिसला की जो नोकर पुढे धावून त्याची छत्री धरतो, त्याला लोक निष्ठावान म्हणतात. माझ्या मते निष्ठावान तो, जो धन्याच्या वाटेत उभा राहतो. आणि धनी कोण असावा हे ठरवायची वेळ आली, तर ते धन्याने नव्हे, नोकरांनी ठरवायचं. हे मला विठ्ठलसाहेबांनीच शिकवलं होतं, आणि शिकवलेलं परत मागून घेता येत नाही.

रूथबाईशी मी बोललो. घर सुटलं तर तिचं जास्त जाणार होतं. अंगणातला पेरू तिने लावला होता, प्लेगमध्ये गेलेल्या आमच्या मुलीच्या पाठीवर. छावणीत दगावलेल्या तीन माणसांत ती एक होती, हे मी वर लिहिलं नाही. रूथबाई म्हणाली, "घर मिशनचं आहे, पेरू माझा आहे. तो काही उपटून नेता यायचा नाही." मग म्हणाली, "अहो, तुम्ही दुसरं काही म्हणालात तर मामलेदारांना बरं वाटेल. मला नाही वाटायचं."

समारंभाच्या दिवशी मैदान फुलून गेलं होतं. पताका, चौघडा, शाळेतली पोरं रांगेत, खुर्च्यांवर मामलेदार आणि पेठेतले मानकरी, शोभाचंद शेठ त्यांच्यात. एका कडेच्या खुर्चीत विठ्ठलसाहेब, टोपी मांडीवर घेऊन. मागे शेतकऱ्यांची दाटी. त्याही मागे, पार टोकाला, चार हात अंतर राखून उभी केलेली आमची मंडळी. ती राजुरीहून आणि निमगावहून पायी आली होती. भटजींनी मंत्र म्हटले, मौलवींनी दुवा मागितली. शेठनी जैनांतर्फे चार शब्द सांगितले. त्यात त्यांनी कुणाकडे काही मागितलं नाही. मग माझं नाव पुकारलं आणि मैदान एकदम गप्प झालं. शब्द येतो की नाही यावर पेठेत पैजा लागल्या होत्या, हे मला मागाहून कळलं.

मी डोळे मिटले. भीती वाटत होती. मी नेहमीसारखा सुरू झालो. त्या आठवड्यात राजुरीत एक बाळंतीण अडली होती, तिच्यासाठी मागितलं. ओतूरच्या वाटेवर गाडी उलटून दोघं जखमी झाले होते, त्यांच्यासाठी. मामलेदारांचा धाकटा मुलगा तापाने आजारी होता, त्याच्यासाठीही मागितलं. मग राजा आला. मी म्हणालो, "देवा, आज गादीवर बसलेल्या राजाला सद्बुद्धी दे. जे त्याच्या नावाने राज्य करतात त्यांना दे. जे त्याच्याविरुद्ध उठले आहेत त्यांनाही दे. प्रार्थना करणाऱ्यालाही दे."

आणि थांबलो. कुणी हसलं नाही. त्या शांततेत मैदानाच्या पार टोकावरून ठकूबाईचा खडा आवाज आला, "आमी बी."

तिच्यामागून आमची मंडळी म्हणाली. मग त्यांच्या पुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्यांत कुजबुज झाली. म्हातारबा त्यांच्यात होता. त्याने नंतर मला सांगितलं, "आमाला वाटलं, पाद्रीच्या परार्थनेला आसं म्हनायची रीत असंल. तुमच्या मान्साचा मान ठिवायचा म्हनून म्हनलो." म्हातारबा म्हणाला, त्याचं ऐकून शेजारचा म्हणाला, आणि हा हा म्हणता ते मागून पुढे सरकत आलं. आमी बी. आमी बी. शाळेच्या पोरांना तर आयतं निमित्त मिळालं. खुर्च्यांवरची माणसं तेवढी बसून राहिली. शोभाचंद शेठनी ओठ हलवले असं मला वाटलं, ते मात्र अखेरपर्यंत नाही म्हणत आले.

संध्याकाळी मामलेदारांनी मला कचेरीत बोलावलं. विठ्ठलसाहेब तिथे होतेच. मामलेदार हुशार गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "लोक काय ओरडले?"

मी म्हणालो, "आमी बी."

"म्हणजे काय?"

"मी सद्बुद्धी मागितली. ते म्हणाले, आम्हालाही दे. यात राजद्रोह कुठे आहे, रावसाहेब? रयतेने राजाच्या पंगतीला बसून एकाच ताटातलं मागितलं."

मामलेदारांनी मिशीवरून हात फिरवला. तिच्याआड ते हसले, मी शपथेवर सांगेन. म्हणाले, "माझ्या मुलाचं नाव घेतलंत. त्याचा ताप उतरलाय." आणि सरकारने ते प्रकरण तिथेच मिटवलं.

मिशनने मिटवलं नाही. साहेबांनी त्याच महिन्यात माझं पाळकपण काढून घेतलं. माझ्या तोंडावर सांगायला ते स्वतः आले, दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. मी त्यांना सांगितलं, तुम्ही मला जे शिकवलं ते तुम्हाला शिकवायची माझी ऐपत नाही. हे लागेलसंच बोललो आणि ते त्यांना लागलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

वाईट वाटतं ते दुसऱ्याचं. निमगावची शाळा मीच चालवत होतो, ती माझ्यामागे बंद पडली. तिथली चार पोरं वाचायला लागली होती ती परत गुरांमागे गेली. हा हिशेब राजाच्याही नावावर लागत नाही आणि साहेबांच्याही नाही. तो मला सलतो. आणि घर सोडताना रूथबाईने पेरूच्या झाडाला पाणी घातलं, घडाभर, कुणी नवीन येऊन राहीपर्यंत पुरेल असं. ते बघून मला राजाच्या, मिशनच्या आणि स्वतःच्या शब्दाच्याही नावाने चीड आली.

आम्ही राजुरीला गेलो. रूथबाई मिशनच्या दवाखान्यात सुईणीचं काम शिकली होती, आमचं पोट तिच्या हातावर चाललं. वस्तीच्या मागे एक मोठी चिंच होती. तिच्याखाली रविवारी ठकूबाई येऊन बसायला लागली, मग बाकीचे. मी म्हणालो, मी आता पाळक नाही. ठकूबाई म्हणाली, "तुमाला काडलं ते सायबानी. आमी कुटं काडलंय?" तेव्हापासून मी चिंचेखालचा पाळक झालो. दीक्षेचा कागद मिशनकडे, मंडळी माझ्याकडे.

काही वर्षांनी विठ्ठलसाहेब राजुरीला आले. महायुद्ध चालू होतं. साहेब म्हातारे झाले होते, पाठ आणखी वाकली होती, आणि ते कायमचे अमेरिकेला परत निघाले होते. रविवार होता. ते चिंचेपाशी उभे राहिले. कुणीतरी पोतं झटकून पसरलं तेव्हा बसले. उपासनेच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाले, "जाण्यापूर्वी तुमचे पाळकपण परत देण्याचा अधिकार मला आहे. मी एकच मागतो. आज माझ्यासमोर ती प्रार्थना वेगळ्या शब्दांत करा. एकदाच. मग पुढे तुमची इच्छा."

दीक्षा, पगार, जुन्नरचं घर, निमगावची शाळा, सगळं त्या 'एकदाच'मध्ये होतं. रूथबाई चुलीपाशी असते तशी पाठ करून बसली होती, पण तिने ऐकलं होतं. मी म्हणालो, "साहेब, एकदाच म्हटलेलं खोटंसुद्धा देवाला ऐकू जातं. तुमच्या त्या पाळकाने तरी कितीदा गाळलं? एकदाच ना?"

साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. ते जाऊन पोत्यावर बसले.

मी उभा राहिलो. गावातल्या आजाऱ्यांसाठी मागितलं. लढाईवर गेलेल्या पोरांसाठी मागितलं, आमच्या वस्तीतलेही दोघं गेले होते. दूरच्या प्रवासाला निघालेल्या म्हाताऱ्या माणसासाठी मागितलं. मग म्हणालो, "देवा, राजाला सद्बुद्धी दे." एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

त्या दिवशी ठकूबाई नेहमीसारखी लगेच म्हणाली नाही. का थांबली ते तिलाच ठाऊक. सगळेच थांबले. आणि मग पोत्यावरून, पंडिती मराठीत सगळी हयात घालवलेल्या त्या माणसाच्या तोंडून, घोगऱ्या आवाजात आलं, "आमी बी."

मी डोळे उघडले नाहीत. मला ते उघडवले नाहीत. पाळकपण त्यांनी परत दिलं नाही आणि मी मागितलं नाही. त्यांची गाडी आळे गावाच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही सगळे चिंचेखाली उभे होतो. धूळ खाली बसल्यावर ठकूबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, सायबाला आत्ता कुटं मराठी आली बगा."